विहान, वय वर्षे तेरा

बाळांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात दत्तक घ्यायची रीत फार सुधारलेली होती. दत्तक येणाऱ्याचं आधी बारसं व्हायचं. मग आठव्या दिवशी, सगळ्यांसमोर, नव्या नावाने तीन हाका. हाकेला जो उठून दुसऱ्याकडे जाईल तो दत्तक, ज्याच्याकडे जाईल तो पालक. कुणी उठलंच नाही, तर रवानगी परत वडाखाली.

वडाखाली तेरा वर्षांचा एक कुत्रा होता. त्याचा धनगर शहरात राहायला गेला आणि तिथल्या सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. जंगलातली तीन घरं त्याला हौसेने घेऊन गेली. तिघांनीही आठव्या दिवशी आणून सोडला.

साळूबाई साळिंदरीला हे बघवेना. तिने त्याला आपल्या घरी नेलं. तिची पिल्लं आपापल्या बिळांत गेली होती. काट्यांमुळे तिच्याजवळ कोणी बसत नसे. हा म्हातारा मात्र पहिल्याच दिवशी तिला खेटून बसला.

"बाभळीत आयुष्य गेलं, पोरी. तुझ्या काट्यांचं काय एवढं?"

बारसं दणक्यात झालं. म्हाताऱ्याला पाळण्यात कोंबलं. चारही पाय बाहेर. आत्या म्हणून घोरपड आली. तिने कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव ठेवलं विहान. सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या, फोटो काढले.

आठव्या दिवशी अध्यक्ष बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले.

"विहान."

म्हातारा बसलेलाच.

"विहान."

शेपटी हलली. बाकी काही हललं नाही.

साळूबाई समोरूनच म्हणाली, "बाबा, ऐकू येत नाही का हो?"

"येतं की. गुडघे धरलेत."

"मग आधीच्या तिघांना सांगायचं नाही का?"

"विचारलं कुठे कुणी?"

साळूबाईने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आपल्या एका पायाकडे पाहिलं.

"नियमात गुडघ्यांची तरतूद नाही, बाई. विहान."

"मग मीच जाते," असं म्हणून साळूबाई उठली, मैदान ओलांडून गेली आणि म्हाताऱ्याशेजारी बसली.

नियम पुन्हा वाचले गेले. हाकेला उठली होती साळूबाई. गेली होती विहानकडे.

एकमताने ठराव झाला. विहान, वय वर्षे तेरा, यांनी साळूबाईला दत्तक घेतलं आहे. बारसं रविवारी.

"अहो, पाळणा फाटेल," साळूबाई म्हणाली.

"काट्यांचीही तरतूद नाही," साहेब म्हणाले.

रविवारी पाळणा फाटला. घुगऱ्या मात्र चांगल्या झाल्या होत्या. म्हातारा पालक म्हणून पुढे, गादीवर बसला होता. त्याला ऊठ म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

तात्पर्य: बाळांनो, म्हाताऱ्यांना त्यांचं काय दुखतं ते कधीही विचारू नका. विचारलं की आपल्याला जागचं उठावं लागतं. आणि भरल्या सभेत जो उठतो, त्यालाच पाळण्यात घालतात.