मुकादमाची दाढ

मुकादम नावाच्या बोक्यानं सकाळची ताटली तशीच सोडली, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुपारीही त्यानं नुसता वास घेतला आणि मान तिरकी करून एकाच बाजूनं दोन दाणे कसेबसे चावले. तेव्हा मात्र नातीनं त्याला टोपलीत घातलं आणि आजोबांना सोबत घेऊन प्राण्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी मुकादमाचा ओठ जेमतेम वर केला, एक बोचकारा खाल्ला आणि सांगितलं, "डाव्या दाढेची हिरडी सुजलीय. रोज दात घासा. तीन आठवड्यांत सूज उतरली तर ठीक, नाहीतर भूल देऊन दाढ काढावी लागेल. आणि पेस्ट मांजरांचीच घ्या. आपली चालत नाही. ही मंडळी चूळ थोडीच भरतात!"

परत येताना नात म्हणाली, "आजोबा, तुमचीपण डावीच दाढ ना?"

आजोबांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. गेले चार महिने ते फक्त उजव्या बाजूनं जेवत होते. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गावर काढलेला, भल्याभल्या हट्टी पोरांना वळण लावलेला हा माणूस. पण दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जायचा.

"पैज लावूया," नात म्हणाली. "मुकादमाची दाढ काढावी लागली, तर तुम्हीपण डॉक्टरकडे जायचं. वाचली, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. आईलासुद्धा सांगणार नाही."

"मंजूर!" आजोबा म्हणाले. एका बोक्याला दात घासायला शिकवायचं, त्यात काय मोठंसं?

पहिल्या दिवशी मुकादम कपाटावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याला टॉवेलात गुंडाळला, तर टॉवेल आजोबांच्या हातात राहिला आणि मुकादम पुन्हा कपाटावर. तिसऱ्या दिवशी आजोबांच्या नाकावर दोन समांतर रेघा उमटल्या.

"बाबा, सोडा आता," सूनबाई म्हणाली. "मांजर आहे ते. दाताच्या कण्या केल्या तरी ऐकणार नाही."

"ऐकत तर पोरंही नाहीत, सूनबाई. पोरं बघतात. आधी आपण करून दाखवायचं असतं."

चौथ्या दिवशी आजोबा बोक्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. स्वतःच्या ब्रशवर मांजराची, माशाच्या चवीची पेस्ट घेतली, मोठा 'आ' केला आणि सावकाश घासू लागले. चहा घेऊन आलेली सूनबाई तो तसाच घेऊन परत गेली. माशाचा वास आल्यावर मुकादम कपाटावरून उतरला, आजोबांच्या तोंडात डोकावला आणि आपलंही तोंड उघडून बसला. आजोबांनी हळूच त्याची दाढ घासली.

शिकवणी फत्ते झाली, पण जरा जास्तच. आजोबांनी तोंड उघडलं की पेस्ट मिळते, एवढा धडा मुकादमानं पक्का केला. आजोबांना जांभई आली की हा मांडीवर हजर. घास घेतला की हा ताटाशेजारी जबडा वासून. शेवटी आजोबा फोनवरसुद्धा ओठ मिटून बोलू लागले, आणि पलीकडच्याला वाटे, म्हातारा रागावलाय. शिवाय सकाळी फिरायला निघाले की गल्लीतल्या चार मांजरी शेपट्या वर करून मागे. आजोबांनी सगळं सोसलं. दाढेचा प्रश्न होता.

तीन आठवड्यांनी तपासणी झाली. मुकादमानं तोंडाला कुलूप लावलं. डॉक्टरीणबाईंनी गोंजारलं, चुचकारलं, मदतनीसानं मान धरली, कुलूप निघेना.

"दिसलंच नाही तर भूल द्यावी लागेल," त्या म्हणाल्या, "आणि भूल दिलीच, तर दाढही आजच काढून टाकू."

"थांबा!" आजोबा ओरडले. स्टूल ओढून ते मुकादमाच्या नाकासमोर बसले आणि त्यांनी 'आऽऽ' केला. मुकादमानंही 'आ' केला.

डॉक्टरीणबाईंनी चटकन टॉर्च मारला. "अरे वा! सूज पार गेली की. दाढ वाचली!"

आजोबांना टाळी वाजवावीशी वाटली. पण आपण तोंड मिटलं तर बोकाही मिटेल, म्हणून ते तसेच बसले.

"हलू नका हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टॉर्चचा झोत बोक्याच्या तोंडातून निघाला आणि आजोबांच्या तोंडात शिरला. "मी जनावरांची डॉक्टर आहे, पण आजोबा, ही डावीकडची दाढ... ही कधीपासून अशी आहे? उद्याच्या उद्या दाखवा. घरी कोण असतं? मी फोन करते."

आजोबांनी वळून नातीकडे पाहिलं.

"मी काही विषय काढलेला नाही हं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरसमोर खुर्चीत आजोबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. डॉक्टर गोड बोलले, सूनबाई रागावली, कुलूप निघेना. नातीनं मग स्टूल ओढलं, आजोबांच्या नाकासमोर बसली आणि भला मोठा 'आऽऽ' केला.

आजोबांचं तोंड आपोआप उघडलं.

डॉक्टर आरसा घेऊन खाली वाकले, थबकले, आणि दोनदा हुंगून त्यांनी हळूच विचारलं, "आजोबा, पेस्ट कोणती वापरता?"