नरसूअण्णा आणि हुबेहूब किडा

एका जंगलात, बाळांनो, गार पाण्याचा एक ओढा होता. ओढ्यात ट्राउट मासे होते आणि काठावर नरसूअण्णा राहायचे. अण्णा अस्वल होते.

अण्णा पंजाने मासे धरायचे. पंजा पाण्यात घालायचा, मासा काढायचा, खायचा. यात काही चुकतंय, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मग जंगलात सुधारणा आली.

साळिंदरदादांनी ओढ्याकाठी दुकान थाटलं. पिसं आणि दोरे गुंडाळून केलेले खोटे किडे. प्रत्येकाच्या पोटात एक गळ.

"पंजाने मासे धरणं आता अडाणीपणाचं समजतात," दादा म्हणाले.

अण्णा ओशाळले. त्यांनी पंजे पाठीमागे लपवले.

त्यातच त्यांच्या लेकीला, मंजुळेला, बघायला पाहुणे यायचे होते. जेवणात मासे हवेत, असा निरोपही होता. होणाऱ्या व्याह्यांपुढे अडाणी कसं दिसायचं? अण्णा सकाळीच दुकानात गेले.

"एक किडा द्या."

"कोणता?"

"मासा खाईल तो."

"असं मोघम चालत नाही, अण्णा. मासे तळाशी किड्यांची पंख न फुटलेली पिल्लं खातात. तसलाच हवा. तपकिरी की शेवाळी? शेपट्या दोन की तीन? मण्याचा की बिनमण्याचा?"

"मणी कशाला?"

"बुडायला."

अण्णांना आत्ताच बुडाल्यासारखं वाटत होतं.

"सोपं आहे," दादा म्हणाले. "ओढ्यातला दगड उलटा करा. खाली जो किडा दिसेल, त्याच्यासारखा निवडा."

अण्णांनी दगड उलटला. खाली तपकिरी किडा. दुसरा उलटला. शेवाळी! तिसऱ्याखालचा तर धड कुठल्याच रंगाचा नव्हता. अण्णा दुकानातून ओढ्यात आणि ओढ्यातून दुकानात धावू लागले. मासे त्यांच्या पायांना घासून जात होते. अण्णा त्यांना म्हणाले, "सरका रे, काम चाललंय!"

"अहो, पाहुणे टेकडी उतरले!" घरातून गोजराबाई ओरडल्या.

"थांब गं, शेपटीचं ठरत नाहीये!"

अखेर एक किडा जमला. अण्णांनी तो काठीच्या दोरीला बांधला, काठी झाडाच्या बेचक्यात अडकवली आणि खरा किडा, खोटा किडा शेजारी शेजारी तळहातावर ठेवले. इतके सारखे, की दोरी विसरून अण्णांना खरा कुठला तेच कळेना.

"डोळे फसतील, जीभ फसणार नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी एक किडा चाखून पाहिला.

तो खोटा होता.

पाहुणे आले तेव्हा अण्णा चवड्यांवर उभे होते. गळ लागलेला ओठ झाडाकडे ताणलेला. डोळ्यांत पाणी.

"हे काय?" व्याही दचकले.

साळिंदरदादा धावत आले. "हा आमचा तपकिरी, तीन शेपट्यांचा, मणीवाला! बघा, केवढं धूड लागलंय!"

व्याह्यांचे डोळे चमकले. "अस्वल लागतं, तर माशाची काय कथा! मलाही तसलाच द्या. आणि अण्णा, तुमच्यासारखा हौशी व्याही भाग्यानेच मिळतो. लग्न ठरलं!"

"उं उं," अण्णा म्हणाले. त्यांना आनंद झाला होता.

गोजराबाईंनी गळ काढेपर्यंत सगळे पाहुणे ओढ्यात उतरून दगड उलटत होते. दगडांखालचे किडे भराभर वाहू लागले. माशांनी पोट फुटेस्तोवर जेवून घेतलं. पाहुण्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला.

तात्पर्य: चांगला गळ तोच, जो गिऱ्हाइकाला लागतो. मासा लागला तर तो योगायोग समजावा.