घंटागाडीवरची राजकन्या

घंटागाडीवर गाणाऱ्या बाईचा आवाज बंद करावा, असा अर्ज मी ग्रामपंचायतीला लिहिला आणि पहिली सही घ्यायला त्याच बाईंच्या दारात गेलो.

बेलापुरातल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट माहीत नसलेला मी एकटाच होतो. माझं खताचं दुकान. ते उघडतं दहाला, मी उठतो साडेआठला. सकाळी सातला "ओला कचरा हिरव्या डब्यात" अशी रेकॉर्डवरची तान उशाशी आली की मी उशी कानावर ओढून गाणारीला मनातल्या मनात काय काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

शकूमावशी आमच्या भिंतीपलीकडच्या शेजारीण. साठी ओलांडलेली, यजमान गेल्यापासून एकटीच राहणारी बाई. सकाळी घंटागाडी जाईपर्यंत त्या एक शब्द बोलत नाहीत. गळा तापल्याशिवाय वापरायचा नाही, हा नियम. दूधवाल्याला पाटीवर लिहून दाखवतात, 'एक लिटर. काल पातळ होतं.'

नंतर मात्र बोलतात, आणि समोरच्यालाही नीट बोलायला लावतात. कुणी निघताना "येतो, मावशी" असं तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की लगेच येतं, "शेवट पडला. परत घ्या." माणूस उंबऱ्यावरून मागे फिरतो, खणखणीत "येतो, मावशी" म्हणतो, मगच सुटतो. पोस्टमन त्यांची पत्रं आमच्याकडेच टाकून जातो.

तर मी अर्ज वाचून दाखवला. 'सदर कर्कश आवाजामुळे नागरिकांची झोपमोड होते.'

"कर्कशवर जोर द्या," मावशी म्हणाल्या. "तक्रार करताय, आरती नाही म्हणत. परत घ्या."

तीनदा वाचून घेतला. मग चष्मा लावून त्यांनी पहिली सही केली. वर चहाही पाजला.

माझा अर्ज ग्रामपंचायतीने ऐकल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. आठ दिवसांत गाणं गेलं आणि गाडीवर नुसता भोंगा आला. मी ताठ मानेने झोपू लागलो. मग एकदा घंटागाडीचा ड्रायव्हर रावसाहेब युरिया न्यायला दुकानात आला.

"लई मोठं काम केलं, शेठ. राजकन्येला गप केलंत."

"कोण राजकन्या?"

"तुमच्या भिंतीपल्याडची. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मग गोणीवर बसून त्याने सगळं सांगितलं. मावशी पुण्यात ऑर्केस्ट्रात गायच्या, तेव्हा त्यांना मुंबईहून बोलावणं आलं होतं. परदेशी कार्टूनच्या सिनेमातल्या एका राजकन्येची सगळी गाणी हिंदीत त्यांनी म्हटली. फक्त गाणी. बोलायला दुसरी बाई होती, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाव दोघींचंही नव्हतं. पुढे यजमानांची नोकरी साखर कारखान्यात लागली म्हणून राजकन्या इकडे आली. कलिंगडाच्या टेम्पोवर गायली, रक्तदानाच्या रिक्षावर गायली. एकदा मंगल कार्यालयात 'ज्यांची गाडी दारात आडवी आहे त्यांनी ती काढावी' हे तिने माईकवरून इतकं गोड सांगितलं, की गाडीवाला पुन्हा ऐकायला म्हणून बसूनच राहिला. शेवटी घंटागाडी.

"मग त्यांनी सही का केली?"

"त्ये त्यांनाच इचारा," म्हणत रावसाहेबाने गोणी खांद्यावर टाकली.

मी तसाच गेलो. दुपारचे चार वाजले होते, तरी मावशींच्या हातात पाटी. 'बसा.' गाणं बंद झाल्यापासून पाटी दिवसभर खाली ठेवलीच नव्हती म्हणे.

"चुकलं, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं, 'शेवट पडला.'

मी परत घेतलं. दुसऱ्या वेळी शेवटपर्यंत खणखणीत म्हटलं, आणि तेव्हा त्या बोलल्या.

"तुम्ही कर्कश लिहिलं होतंत. म्हटलं, झाला असेल आता. आपला आवाज आपल्याला कुठे कळतो?"

"अहो, मला झोपेत बायकोसुद्धा कर्कश वाटते."

त्या हसल्या. मग गल्लीवरच्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "सिनेमात ती राजकन्या खिडकीतून गाते आणि राजपुत्र येतो. मी गायले तेव्हा स्टुडिओत समोर काच होती आणि काचेपलीकडे एक माणूस डबा खात होता. कुणी ऐकतंय का, ते कधी दिसलंच नाही. इथे मी रोज सात वाजता या खिडकीत उभी राहायचे. गाडी वळणावर आली की सगळ्या गल्लीची दारं उघडायची. बादल्या घेऊन का होईना, माणसं यायची." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं दार तेवढं उघडायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी अर्ज मागे घेण्याचा अर्ज लिहिला. मावशींनी तो पाच वेळा वाचून घेतला. मग त्यांनी गाणं नव्याने रेकॉर्ड केलं, आणि प्रायश्चित्त म्हणून त्यात मी एक वाक्य म्हटलं, 'सुका कचरा निळ्या डब्यात.' घरी येऊन बायकोला तीनदा म्हणून दाखवलं.

सोमवारी साडेसहालाच बादली घेऊन दारात उभा राहिलो. गाडी वळणावर आली, मावशींची तान आली आणि एकेक दार उघडायला लागलं. खिडकीत मावशी उभ्या होत्या. मला बघून त्यांनी पाटी उंच धरली, 'आलात!' मी बादली हलवून दाखवली आणि कान माझ्या वाक्याकडे लावले. हिरवा डबा झाला, निळाही झाला, पण दोन्ही मावशींच्याच आवाजात.

रावसाहेबाने माझी बादली हातात घेतली, आत डोकावून पाहिलं.

"शेठ, ही मोकळीच हाय. आन् तुमचं वाक्य मावशींनी काढाया लावलं. म्हनल्या, ह्यांचा शेवटच न्हाई, सुरवात बी पडलीया."