भाऊसाहेबांची लेखी संमती

लग्नाची पत्रिका घरोघर वाटतात. भोये भाऊसाहेबांनी मुलीच्या लग्नात पत्रिकेच्या आधी एक छापील कागद घरोघर वाटला. त्यावर लिहिलं होतं, 'आमच्या कन्येच्या विवाहाचे निमंत्रण आपणांस पाठविण्यास आपली संमती आहे / नाही. (नको ते खोडावे.)' खाली सहीसाठी जागा.

अर्ध्या जव्हारला वाटलं, कसली तरी सरकारी योजना आली. एका आजोबांनी कागदाला रेशनकार्डाची झेरॉक्स टाचून दिली. भाऊसाहेबांचे सख्खे मेहुणे मात्र चिडले आणि रागाच्या भरात 'आहे' खोडून, सही ठोकून त्यांनी कागद परत धाडला. भाऊसाहेबांनी त्यांना पत्रिका पाठवली नाही. "त्यांचा निर्णय लेखी आहे," म्हणाले. शेवटी इंदूकाकू, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, गुपचूप भावाकडे जाऊन तोंडी बोलावणं करून आल्या, तेव्हा कुठे नवरीचा मामा मांडवात दिसला.

भाऊसाहेब मूळचे पोशेऱ्याचे. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या शेजारी राहायला आले. दार सताड उघडं असलं तरी बाहेर उभे राहून कडी वाजवणार. "येऊ का?" आत आल्यावर, "बसू का?" बसल्यावर, "बोलू का?" एवढं सगळं झाल्यावर कळतं, की आपलं दूध उतू गेलंय हे सांगायला ते आले होते.

फोनवर जाहिरातवाले आले की भाऊसाहेबांना उत्साह चढतो. "माझा नंबर आपणांस कोणी दिला? पूर्ण नाव सांगा. हुद्दा? मी संमती दिल्याचा कागद आहे का आपल्याकडे?" कर्ज घ्या म्हणून मागे लागलेली एक मुलगी शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, "सर, आता मी फोन ठेवू का?" भाऊसाहेब केवढे खूश! "बघा ताई, शिकली. विचारलं तिनं."

हे सगळं मी लांबून बघून हसत होते. मग एके दिवशी मीच त्यांच्या तावडीत सापडले.

आमचे सर, म्हणजे माझे यजमान, मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत शिक्षक आहेत. मी खोडाळ्याच्या पाच बायकांबरोबर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड, बिस्किटं आणि लाडू करते. शनिवार-रविवारी जव्हारजवळच्या शिरपामाळला फिरायला पाहुणे येतात, तिथे आमचं टेबल असतं. टेबलावर अभिप्रायाची वही. लोक बिस्कीट खाऊन वहीत 'छान', 'खूपच छान' असं लिहितात, खाली नाव आणि ईमेलचा पत्ता. दोन वर्षांत दोनशे बारा पत्ते जमले होते. दिवाळीच्या आधी माझ्या डोक्यात आलं, या सगळ्यांना ईमेल पाठवावी. उन्हाळ्यात केलेले पापड डबे भरभरून पडले होते. ते गेले नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात बायकांना कामाला कुठल्या तोंडानं बोलवायचं?

मी झकास ईमेल लिहिली. वर मथळा दिला, 'शेवटची संधी! फक्त आज!' आणि दोनशे बारा पत्ते एकाखाली एक टाकून पाठवून दिली.

माझी चूक अशी झाली, की प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसत होते. एकानं 'मला असलं पाठवू नका' असं लिहिलं, ते सगळ्यांना गेलं. दुसऱ्यानं त्याला लिहिलं, 'तुम्हीही मला पाठवू नका', तेही सगळ्यांना गेलं. डोंबिवलीचे एक गृहस्थ आणि ठाण्याच्या एक बाई एका वर्गात होते, हे त्यांना तिथेच कळलं आणि त्यांनी गणिताच्या बाईंच्या आठवणी काढल्या. त्याही सगळ्यांना. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्या पत्त्यांवर विम्याची जाहिरात करायला लागला. आणि वसईच्या एक वकीलबाई होत्या, त्यांनी मला एकच ओळ लिहिली. 'माझा पत्ता आपण कोणत्या अधिकाराने वापरलात?'

मी ती ओळ सरांना दाखवली. सर म्हणाले, "भाऊसाहेबांना विचार." मी गेले. भाऊसाहेबांनी सगळं शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, एक विचारू का?"

"विचारा."

"या लोकांनी वहीत पत्ता कशासाठी दिला?"

"अभिप्राय द्यायला."

"मग जाहिरात पाठवा असं म्हणाले का?"

"नाही."

"पाणी प्यायला आलेल्या माणसानं विहीर आपल्या नावावर केली, तसं झालं हे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माहिती संरक्षणाच्या नव्या कायद्याची प्रत छापून आणली. मराठी एक, इंग्रजी एक. त्याला लाल फीत बांधली, फाईलवर माझं नाव घातलं आणि आठवडाभर वाचत बसले. त्यातली कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. मी हळूच म्हटलं, "मग आत्ता इतकी घाई कशाला?" ते म्हणाले, "पूल बांधून होईपर्यंत नदीत ढकललं तरी चालतं का?"

पहिलं काम, सगळ्यांची संमती मागायची. तिथेच गाडं अडलं. भाऊसाहेब तीन दिवस अस्वस्थ होते. चौथ्या दिवशी कडी वाजली.

"ताई, परवानगी मागायला पत्र पाठवायचं, पण ते पत्र पाठवायची परवानगी आहे का?"

मी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र, तेही एकदाच. आधी माफी. त्यात पापडाचा 'प'सुद्धा नाही. आम्ही कोण, कुठले, पत्ता कसा मिळाला, आता कशासाठी वापरायचाय, आणि 'हो' म्हटलंत तरी पुढे कधीही 'नको' म्हणू शकता.

"आणि 'नको' म्हणणं 'हो' म्हणण्याइतकंच सोपं पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले. "कायद्यातच आहे. आत येताना दार आणि बाहेर जाताना खिडकी, असं चालणार नाही."

"आणि ज्यांचं उत्तरच नाही आलं?"

"नाव काढायचं."

"भाऊसाहेब, मौन म्हणजे संमती."

"ते लग्नात. इथे नाही."

दोनशे बारांपैकी अठ्ठावन्न लोकांनी 'हो' लिहिलं. बाकीची नावं भाऊसाहेबांनी लाल पेन्सिलीनं एकेक करून खोडली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दोन वर्षं उन्हातान्हात टेबल मांडून जमवलेली नावं होती ती. खोडाळ्याच्या पाचजणींतल्या सखूबाईंना सांगितलं, तर त्या तडक एसटीत बसून आल्या आणि भाऊसाहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"भुकेल्या मानसाला कोन इचारतं का, भाकर देऊ का म्हनून?"

"बाई, पोट भरलेल्यालाही तुम्ही भाकर कोंबत होतात."

सखूबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नव्या ईमेलचा कागद मी वाचून दाखवत होते, त्यात 'नागली खाल्ल्याने मधुमेह बरा होतो' असं मी लिहिलं होतं. भाऊसाहेबांनी हात वर केला. "प्रमाणपत्र आहे?"

"माझा बा जलमभर नागलीच खायचा," सखूबाई म्हणाल्या. "म्हातारा होईस्तोवर डोंगर चढं. कंदी दवाखाना नाय बघला."

"लेखी आहे का?"

"बा आता लेखी कुठून आनू?"

मधुमेह गेला. मग मथळा. "'शेवटची संधी' म्हणजे काय? उद्या पापड संपणार आहेत का?"

"नाही हो, डबे भरलेत."

"मग खोटं कशाला? माणूस मथळा वाचून उघडतो. वरच फसवलं तर आतलं कोण खरं मानेल?"

असं करत करत शेवटी जो मथळा गेला तो असा होता. 'नागलीचे पापड आहेत. पुढच्या महिन्यातही असतील.' खाली आमचा जव्हारचा पूर्ण पत्ता, तक्रार असल्यास कोणाला लिहायचं त्याचं नाव (म्हणजे भाऊसाहेबांचं), आणि मोठ्या अक्षरात, 'पत्रे नको असल्यास फक्त 'नको' असे कळवावे. कारण सांगण्याची गरज नाही.'

असली जाहिरात वाचून कोण पापड मागवणार, असं मला वाटलं होतं. अठ्ठावन्नांपैकी बहुतेकांनी मागवले. काहींनी लिहिलं, की इतकं खरं पत्र वाचून हसू आलं आणि शेजारच्यांनाही वाचून दाखवलं. मग ते शेजारीच लिहायला लागले, 'आमचंही नाव घाला.' वसईच्या वकीलबाईंनी संमती दिली, लाडू मागवले आणि खाली लिहिलं, 'आपले सल्लागार कोण?' भाऊसाहेबांनी ते पत्र आठ दिवस खिशात ठेवलं. दिवाळीपर्यंत पापडाचे डबे रिकामे झाले. सखूबाई डब्यात डोकावून म्हणाल्या, "म्हातारा येडा हाय, पन कामाचा हाय."

तेव्हापासून यादी भाऊसाहेबांकडे आहे. 'नको' आलं, की चहाचा कप खाली ठेवून आधी नाव काढतात आणि तसं कळवतात. एकदा तर एका माणसाच्या 'नको'पाठोपाठ त्याच्या बायकोचा 'नको नाही, हो' असा निरोप आला, तेव्हाही आधी त्याचं नाव निघालंच.

गेल्या फाल्गुनात एक ईमेल आली. इगतपुरीच्या एका गृहस्थांची. 'माझ्या पत्नीच्या नावाने आपली पत्रे येतात. ती आता नाही. कृपया नाव काढावे.' मी ती भाऊसाहेबांना दाखवली. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नाव काढल्याचा निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशीही. असं कधी झालं नव्हतं. बरं नसेल म्हणून मी त्यांच्याकडे गेले. इंदूकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ते एकटेच असतात. मुलगी सासरी, सणाला येते. मी कडी वाजवली, "येऊ का?" म्हटलं. ते ओट्यापाशी उभे होते, समोर एक जुना फोन चार्जिंगला लावलेला.

"ते इगतपुरीचं नाव राहिलंय, भाऊसाहेब."

"काढतो. काढायलाच हवं. त्यांनी स्पष्ट कळवलंय."

पण ते जागचे हलले नाहीत. मग चार्जरची पिन काढून त्यांनी तो फोन माझ्या हातात दिला. "हिचा आहे."

फोनवर नाशिकच्या एका साडीच्या दुकानाच्या ईमेल होत्या. दर आठवड्याला एक. काकूंनी कधीतरी तिथून एक साडी घेतली होती आणि काउंटरवर पत्ता लिहून दिला होता. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच. 'नमस्कार इंदूताई!'

"यांच्याकडे संमती नाही," भाऊसाहेब म्हणाले. "हिनं बिलासाठी पत्ता दिला होता, जाहिरातीसाठी नाही. खाली पत्ता नाही, बंद करायची सोय नाही. एका कलमात बसत नाही. मी दोनदा तक्रारीचा अर्ज लिहिला."

"मग?"

"टाकला नाही." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "ताई, मुलगी 'आई' म्हणते. मी तर आयुष्यात नावानं हाक मारली नाही, 'अगं' म्हणायचो. या घरात तिला नावानं हाक मारणारं आता एवढं एकच राहिलंय."

मी फोन परत दिला.

"त्या गृहस्थांना नको वाटलं, ते खरंच आहे," तो पुन्हा चार्जिंगला लावत ते म्हणाले. "कोणाला सोसतं, कोणाला नाही. म्हणून तर विचारायचं." मग खुर्चीत बसून त्यांनी यादी पुढे ओढली आणि ते नाव खोडलं. लाल पेन्सिल घेतली नाही. साध्या पेन्सिलीनं, हलकी रेघ मारली. इगतपुरीला कळवायचं पत्र त्यांनी मला सांगितलं, मी टाइप केलं. 'नाव काढले आहे. यापुढे पत्र येणार नाही. आपल्या पत्नी आमच्या पहिल्या अठ्ठावन्नांत होत्या, एवढे फक्त कळवितो. उत्तराची अपेक्षा नाही.'

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'मला हे ठाऊक नव्हते. कळविल्याबद्दल आभार. पापड माझ्या हातून करपतात. किती आचेवर भाजावेत?' भाऊसाहेबांनी सखूबाईंना फोन लावून विचारलं आणि पाऊण पान उत्तर लिहिलं. आता त्या दोघांचा पत्रव्यवहार चालतो. काय लिहितात मला ठाऊक नाही. मी विचारलं होतं. वाचायला संमती मिळाली नाही.

परवा त्यांच्याकडे लाडू द्यायला गेले, तेव्हा काकूंचा फोन वाजला. भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि मला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. "नमस्कार इंदूताई! आपल्यासाठी खास जांभळ्या रंगात नवीन माल आला आहे."

जरा वेळ साडीचा फोटो न्याहाळला आणि मान हलवत हसले.

"जांभळा! घेतलीच नसती तिनं."