टिडकमांच्या पूर्वजाचा डावा हात

कोणत्याही पापाला दोनशे वर्षं झाली की त्याचा वारसा होतो. आमच्या इंग्लंडातल्या बाथ शहरातलं टवाळ-चित्र-संग्राहक मंडळ याच भक्कम पायावर उभं आहे. जॉर्ज राजांच्या काळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ही चित्रं दुकानाच्या काचेत लागली, की त्यांत दिसणारी माणसं तोंड लपवत फिरत. आज त्यांचेच वंशज ती दिवाणखान्यात लावतात आणि पाहुण्यांना सांगतात, "तो गटारात पडलेला दिसतोय ना? आमचे खापरपणजोबा!"

सभासद व्हायचं तर चित्रात असा एक पूर्वज दाखवावा लागतो. पुरावा म्हणजे नाक. ते आमची नासिका उपसमिती मोजते. (सर्दी झाली असल्यास तारीख पुढे ढकलून मिळते.) सध्या सभासद एकेचाळीस: लाचखोरांचे वंशज एकोणीस, दारुड्यांचे चौदा, आणि ज्यांना या दोहोंपैकी कुठल्या यादीत घालावं यावर अजून भांडणं चालू आहेत असे आठ.

हंफ्री टिडकम या निवृत्त दंतवैद्याने अकरा वर्षं चित्र शोधण्यात घालवली. परवा मंगळवारी तो निवडणुकीचं एक चित्र घेऊन आला. उमेदवार फुकट बिअर वाटतोय, मतदार एकमेकांच्या अंगावर कोसळतायत. नाक जुळलं, केसाइतकाही फरक नाही. पण ज्याचं जुळलं, तो माणूस बिअरचा पेला दूर सारत होता.

सभेत कुणी चहाचा घोटसुद्धा घेईना.

"प्रामाणिक?" अध्यक्षा लव्हडेबाईंनी चष्मा काढला. "टिडकम, घरात कुणाला ठाऊक होतं हे?"

"नाही हो, बाई! वडील कधी बोललेच नाहीत."

बिचाऱ्याने डोळ्यांना रुमाल लावला. मला मनापासून वाईट वाटलं. सचिव झालो तरी माणूसच मी.

त्याची बायको हेस्टर मात्र भिंग घेऊन चित्रावर वाकली होती. "रडतोस काय, हंफ्री! पेला उजव्या हाताने सारतोय तो. डावा कुठाय बघ की!"

डावा हात शेजारच्या पाद्र्याच्या खिशात होता. पार कोपरापर्यंत.

टाळ्यांनी दिवाणखाना दणाणला. लव्हडेबाईंनी टिडकमला मिठी मारली आणि त्याचं नाव तिथल्या तिथे वहीत चढलं.

तेव्हापासून आमच्या प्रवेशअर्जात नाकाखेरीज एकच प्रश्न असतो: तो हात खिशात सापडला, तेव्हा आपल्याला हायसं वाटलं का? वाचकहो, आपलं उत्तर मी लिहून टाकलं आहे. नाकाचं माप द्यायला कधी येताय, तेवढं कळवा.