शालनबाईंनी बिनभिंतींच्या पेढीत नाव घेतले त्याची हकीकत

ज्याच्या कृपेने शिल्लक उरते त्यास नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मास. तीन बँडचा रेडिओ, मुका. धण्याचे पोते, अर्धे. सतरा रुपये सत्तर पैसे. मिरचीचा ठसका, तिसऱ्या मजल्यापर्यंत. "मॅडम, डोळे मिचकवा." पांढरी भिंत, खिळा नसलेली. कोरा कागद.

ह्या सर्वांचा अन्वय ऐसा की, एक राज्य होते, दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढा मुलूख, आणि तेथे पाटबंधारे खात्यातून निवृत्त जाहलेले रत्नाकरराव गुळवे आणि त्यांचे कुटुंब शालनबाई नांदत होते. बाई घरगुती मसाले करून विकीत आणि गिऱ्हाइके फोनवरून पैसे धाडीत, आणि ते पैसे थोरल्या पेढीतील दोघांच्या खात्यात जमा होत, आणि त्या खात्यावर पहिले नाव रावांचे. बाईंच्या मनात एकच मनसुबा, मसाला कांडपाचे यंत्र घ्यावे, म्हणजे उन्हाळ्यात गिरणीतल्या डंक्यापुढे तीन तीन तास रांगेत उभे राहणे नको. परंतु पुंजी यंत्राच्या जवळपास पोहोचली की रावांच्या फोनवर संदेश वाजे, आणि मग राव जुन्या बाजाराकडे कूच करीत आणि एक रेडिओ घेऊन परतत. "असा माल परत मिळायचा नाही, अगं." ऐसे सात रेडिओ जाहले, त्यांपैकी बोलणारा एकही नाही. मग शिल्लक खाली जाई आणि किमान शिल्लक नाही म्हणून पेढी दंड कापी, आणि दर तिमाहीस संदेशांचे सतरा रुपये सत्तर पैसे वेगळे. संदेश रावांस, शुल्क बाईंच्या धण्यातून.

बाई थोरल्या पेढीत गेल्या आणि म्हणाल्या, संदेश माझ्या फोनवर धाडा. खिडकीत कॅशियर सबनीस बसले होते, रावांचे चहाचे सोबती. ते म्हणाले, "वहिनी, त्याला पहिल्या नावाची सही लागते. घरात बोलणं झालंय ना? मी संध्याकाळी चहाला विचारतो रावसाहेबांना." बाई म्हणाल्या, "राहू द्या." आणि जिना उतरल्या, परत चढल्या, परत उतरल्या.

मग शेजारच्या जुबेदाबी, ब्लाउज शिवणाऱ्या, त्यांच्याशी मसलत जाहली. जुबेदाबींनी फोनमध्ये नवी पेढी दाखविली. तिला भिंती नाहीत, खिडकी नाही, किमान शिल्लक नाही, संदेशाला दमडी नाही, आणि खाते एकटीचे. "फक्त एक बाई फोनवर चेहरा बघते. कोरी भिंत मागे घे, पॅनकार्ड दाखव, नाव सांग. माझं पाच मिनिटांत झालं." परंतु नियम ऐसा की, तीन वेळा नाव जुळले नाही तर सहा महिने दार बंद. सहा महिने म्हणजे उन्हाळी मसाल्याचा सगळा हंगाम.

राव चहाला गेले तो मुहूर्त धरून बाई पांढऱ्या भिंतीपुढे बसल्या. पडद्यावर एक तरुण अधिकारीण प्रकटली आणि म्हणाली, "मॅडम, पूर्ण नाव बोला." बाई म्हणाल्या, "शालन..." आणि थांबल्या. संसाराला छत्तीस वर्षे जाहली, नवऱ्याचे नाव उखाण्यावाचून तोंडातून गेले नव्हते. "शालन, आमचे हे, गुळवे." अधिकारिणीने नियमाप्रमाणे ऐकले तेच टिपले, आणि उत्तर आले, 'शालन आमचेहे गुळवे' हे नाव कार्डाशी जुळत नाही. दुसऱ्या खेपेस बाई नुसतेच "शालन गुळवे" म्हणाल्या आणि तेही परतले.

बाई खोलीत येरझारा घालू लागल्या, पातेले उचलले, ठेवले, परत उचलले. जुबेदाबी दारातून म्हणाल्या, "पोस्टमनला तुझ्या नवऱ्याचं नाव ठाऊक, विजेच्या बिलाला ठाऊक. तुझ्याच जिभेला हाड आलंय होय? उखाण्यात घे नि मोकळी हो." इतक्यात जिन्यात राव चढताना ऐकू आले. जुबेदाबी सटकल्या. राव गॅलरीत रेडिओ उघडून बसले आणि बाईंनी तिसऱ्यांदा फोन लावला, कारण उद्यावर टाकले तर धीर उरणार नाही हे त्या जाणून होत्या.

तीच अधिकारीण. "मॅडम, ही शेवटची. पूर्ण नाव." बाईंनी पदर खोचला आणि हळू म्हणाल्या,

"धणे भाजले, जिरे भाजले, मिरचीला दिला ताव,
बँकेनं विचारलं म्हणून घेते रत्नाकररावांचं नाव."

मग अधिकारीण हसू दाबत म्हणाली, "छान आहे, मॅडम. पण कार्डावर राव नाहीये."

"मग?"

"नुसतं रत्नाकर."

"नुसतं?"

"नुसतं. आणि जरा मोठ्यानं, आवाज पोचत नाही."

बाईंनी डोळे मिटले आणि गळा साफ केला आणि म्हणाल्या, "शालन रत्नाकर गुळवे." तो आवाज गॅलरीत गेला. राव हातातल्या स्क्रूड्रायव्हरसह आत आले.

"मला हाक मारलीस?"

"नाही. नाव सांगितलं."

"कोणाला?"

पडद्यातून हुकूम आला, "मॅडम, मागे कोणी आहे. दुसरी व्यक्ती चालत नाही. सर, बाहेर व्हा."

"मी हिचा..."

"सर, खातं त्यांचं आहे."

राव उभे राहिले, भिंतीकडे पाहिले, फोनकडे पाहिले, आणि मग बाहेर गेले आणि दार स्वतः ओढून घेतले. मग डोळे मिचकविण्याचा हुकूम जाहला आणि बाईंनी एकदा सांगितले तर चारदा मिचकविले, आणि कोऱ्या कागदावर सही केली, आणि खाते उघडले.

दार उघडले तो राव उंबऱ्यापाशीच होते. "मला मेसेज येईल का?"

"नाही."

राव स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवीत म्हणाले, "आणि नुसतं रत्नाकर?"

"राव कार्डावर नाही, अहो."

येणेप्रमाणे पेढीपालट जाहला. गिऱ्हाइकांस नवा क्रमांक गेला, चैत्रात यंत्र आले, आणि वैशाखात बाई डंक्याच्या रांगेत दिसल्या नाहीत.

शके एकोणीसशे दहा, लग्नाच्या पंगतीत रत्नाकररावांना बायकोचे नाव घ्यावयास सांगितले, तेव्हा त्यांनी जिलबी तोंडात कोंबून नुसती मान हलविली होती.