खिशातली बाही

जालन्यात माझी नोकरी टिकली ती जाधव सरांमुळे. काय झालं ते मागून सांगते, आधी त्यांचं नाव.

सर वाटूरचे. बियाण्यांच्या कंपनीतल्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत जुने. तिथल्या गार हवेत रोज एकच स्वेटर घालतात: उजवी बाही मनगटापर्यंत, डावी नाहीच. ड्रायव्हर भागवतमामा एकदा म्हणाले, "सर, दुसरी बाही वाटूरलाच विसरून आले काय?"

"न्हाई, खिशात हाय," म्हणत सरांनी त्याच रंगाच्या लोकरीचा गुंडा काढून दाखवला. सगळे हसले. मीही.

सुटी वायर, सुटा दोरा दिसला की सरांना चैन पडत नाही. "बराबर गुंडाळा" हाच त्यांचा नमस्कार. मिठाईच्या पुड्याचा दोरासुद्धा पेनावर गुंडाळून ठेवतात.

मी अहेरीकडची, नववीत शाळा सुटलेली. इथं काचसामान धुते. एक दिवस माणसं कमी होती, म्हणून कपाशीच्या पानांतून काढलेल्या डीएनएच्या नळ्या हलवायला मला दिल्या. मी खोकल्याच्या औषधाची बाटली हलवावी तशा खळाखळा हलवल्या. सगळे नमुने वाया. साहेब तापले. मी मनात पिशवी भरायला घेतली.

सर मधे आले. "हळू हलवायचं मी सांगितलंच न्हाई तिला. चूक माझी."

मग रविवारी दोघांनी नमुन्यांसाठी नवी पानं खलात वाटली. सरांनी तो गुंडा काढला, लोकर बोटांवर गुंडाळत म्हणाले, "तुझ्या एकेका पेशीत डीएनएचा दोन मीटर धागा हाय. मावतो कसा? हिस्टोन नावाची रिळं असतात, त्यांच्यावर गुंडाळून. अन् ही रिळं बनवायचा हुकूमबी त्याच धाग्यात लिहिलेला, एकदा न्हाई, कैकदा. पेशीची दुसरी पेशी होताना धागा दुप्पट होतो, मंग रिळं जल्दी लागतात ना. आपण नळीत ती रिळं धुऊन काढतो. उघडा धागा, तू हिसडे देऊन राह्यली. तुटणारच."

मला पटकन कळलं. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर, असं वाटून गेलं.

"सर, ही लोकर मळली. जुन्या जालन्यातून नवी आणू का?"

सर गुंडा परत वळू लागले. "ही डावी बाहीच हाय ना. आमची मंडळी उजवी विणून गेली. एवढं उरलं."

नंतर बराच वेळ ते लोकर गुंडाळत राहिले. बिलकुल घाई न करता.

आता खोलीवर मी स्वस्त लोकरीवर विणायला शिकते आहे. बाही अजून वाकडी येते. सरळ यायला लागली की सरांकडे तो गुंडा मागेन. देतील का, याची धास्ती आहेच. पण दिला, तर त्यांची डावी बाही मीच विणून देईन.